मुलांसाठी गाव निवडताना : पेण की रोहा?

माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात गेल्या काही वर्षांपासून एक प्रश्न हमखास निघतो. पूर्वी भेटीला येणारा विद्यार्थी नोकरीविषयी विचारीत असे, खात्याच्या परीक्षेविषयी विचारीत असे. आज चाळिशीला टेकलेला तोच विद्यार्थी विचारतो, "सर, मुंबईतील भाडे आता झेपत नाही. पनवेलही हाताबाहेर गेले. पदरात दोन मुले आहेत. पेणला जावे की रोह्याला?" प्रश्न एका कुटुंबाचा दिसतो, पण तो आता आपल्या शेकडो कुटुंबांचा झाला आहे. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने त्याचा चार पाने विचार करावा, असे आम्हांस वाटले.

आम्ही घरजागेचे व्यवहार जाणणारे लोक नव्हे. आम्ही शिक्षक आहोत. मुलांचे चेहरे रोज सकाळी पाहण्याचा आमचा व्यवसाय आहे आणि इतिहास हा आमच्या अभ्यासाचा विषय आहे. या दोन्ही बाजूंनी पाहता आमचे मत असे झाले आहे की, गाव स्वस्त आहे की महाग, हे घराच्या भाड्यावरून ठरवू नये. आईवडील जागेपणी मुलांजवळ किती तास राहू शकतात, यावरून ते ठरवावे. ज्या गावात भाडे निम्मे आहे, पण बाप रात्री दहाला घरी येतो आणि पहाटे पाचला निघतो, ते गाव त्या मुलाला फार महाग पडते. हे मत पटवून देण्यासाठीच पुढील मजकूर आहे.

गाव निवडण्याचा प्रश्न आपल्या समाजाला नवा नाही. सुभेदार रामजी सकपाळ लष्करातून निवृत्त झाल्यावर कुटुंबासह दापोलीस आले. तेथे कायमचे राहावे असा त्यांचा विचार होता; पण तो बदलला आणि बिऱ्हाड साताऱ्यास गेले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाल भीमरावांचे नाव साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले. तोच दिवस आज महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. पण वडिलांची नोकरी साताऱ्यात नव्हती. ते खटाव तालुक्यात गोरेगावला खजिनदार होते आणि आईविना असलेली मुले साताऱ्यात आत्याजवळ होती. १९०१ च्या सुमारास ही मुले वडिलांना भेटायला निघाली. मसूर स्थानकावर उतरल्यावर त्यांची जात कळताच कोणी गाडीवान त्यांना नेईना आणि तहानेने व्याकूळ झालेल्या त्या लेकरांना रात्रभर पाणी मिळाले नाही. बाबासाहेबांनी ही आठवण पुढे स्वतःच लिहून ठेवली. आपण ती अस्पृश्यतेची हकिगत म्हणून वाचतो आणि ते योग्यच आहे. पण तिच्यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. बाप एका गावी आणि मुले दुसऱ्या गावी, ही त्या कुटुंबाची परिस्थिती होती. पोटासाठी झालेली ती ताटातूट होती, आणि तिचा भार मुलांनी वाहिला.

१९०४ च्या सुमारास हे कुटुंब मुंबईस आले. परळच्या चाळीतील ती खोली ऐसपैस नव्हती आणि मुंबई तेव्हाही स्वस्त नव्हती. मात्र तेथे वडील घरात होते. मुलाने लवकर झोपावे, पहाटे दोनला त्याला उठवावे आणि गजबजलेल्या चाळीत शांतता असेल तेवढ्या वेळात त्याचा अभ्यास व्हावा, एवढी काळजी घेणारा बाप त्या एका खोलीत होता. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. जागेचे क्षेत्रफळ आणि मुलाचे भवितव्य यांचा संबंध आपण समजतो तितका सरळ नाही, हे या एका उदाहरणावरून ध्यानी यावे.

मंगलसुत्तात तथागतांनी जी मंगले सांगितली आहेत, त्यांत अनुकूल प्रदेशी निवास हेही एक मंगल आहे. अनुकूल प्रदेश म्हणजे केवळ हवापाण्याचा नव्हे. जेथे सज्जनांची संगत मिळते, विद्या मिळते, शीलाने जगता येते, तो अनुकूल प्रदेश. गृहस्थासाठी सांगितलेल्या या उपदेशाचा आजचा व्यावहारिक अर्थ लावायचा तर तो आपल्या जिल्ह्याच्या नकाशावर लावून पाहिला पाहिजे.

तो नकाशा असा आहे. १९८१ पर्यंत ज्याला कुलाबा म्हणत, त्या रायगड जिल्ह्याचे उत्तरेकडील टोक मुंबईला चिकटलेले आहे. २०१६ साली पनवेलची महानगरपालिका झाली आणि पनवेल हे मुंबईचेच उपनगर झाल्यासारखे झाले. लोकलची सेवा पनवेलला संपते. पुढे आपटा, जिते, हमरापूर करीत गाडी पेणला पोहोचते, तेथून कासू, नागोठणे करीत रोह्याला. पनवेलपासून पेण रेल्वेने सुमारे ३५ किलोमीटर आणि रोहा सुमारे ७५ किलोमीटर. दिवा-रोहा मार्गावरील गाड्या मोजक्याच आहेत. एक गाडी चुकली की पुढची येईपर्यंत फलाटावर बसावे लागते किंवा महामार्गावर एसटीची वाट पाहावी लागते. हे साधे वास्तव घर घेताना पाहणाऱ्याच्या लक्षात येत नाही. कारण घर पाहायला आपण रविवारी जातो आणि कामावर सोमवारी जायचे असते.

पेणचा विचार प्रथम करू. भोगावती नदीच्या काठचे हे गाव २०११ च्या जनगणनेत सुमारे ३८ हजार वस्तीचे होते. गणेशमूर्तींसाठी त्याचे नाव देशभर आहे. माती, साचे, रंगकाम आणि अखेरची डोळ्यांची आखणी यांवर पेण, हमरापूर, जोहे या भागातील हजारो हातांचे पोट चालते. पापड आणि मिरगुंड हा बायकांच्या हातचा धंदा घरोघर आहे. वडखळच्या पुढे डोलवीला पोलादाचा मोठा कारखाना आहे. भाऊसाहेब नेने महाविद्यालय आहे, उपजिल्हा रुग्णालय आहे, आणि जिल्ह्याचे ठिकाण असलेले अलिबाग जवळ आहे. लहान गावाची सोय आणि मोठ्या शहराची वाट या दोन्ही गोष्टी पेणला आहेत, हे मान्य करावे लागते.

परंतु पेणची स्वस्ताई आता पूर्वीसारखी राहिलेली नाही. जानेवारी २०२४ मध्ये शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतू सुरू झाला आणि 'तिसरी मुंबई' हे शब्द प्रत्येक फलकावर आले. मोकळ्या माळावर चार खांब रोवून गुंठ्याचा भाव सांगणारे लोक भेटू लागले. अशा वेळी या भागाचा ताजा इतिहास आठवावा. महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी उरण, पनवेल, पेण या तालुक्यांतील जमिनी घेण्याचा घाट घातला गेला, तेव्हा हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील पेण तालुक्यातील २२ गावांत २१ सप्टेंबर २००८ रोजी शेतकऱ्यांचे मत अजमावण्यात आले. शेतकऱ्यांनी विरोध केला आणि अखेर तो प्रकल्प उभा राहिला नाही. जमिनीवर कोणते स्वप्न रंगवले जाते आणि प्रत्यक्षात काय उभे राहते, यांत किती अंतर असते, हे पेणच्या शेतकऱ्याला विचारावे. म्हणून सातबारा, बिनशेतीचा आदेश आणि इमारतीचा महारेरा क्रमांक या तीन गोष्टी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नये. मुलांच्या नावाने जमवलेली पुंजी विमानतळाच्या आशेवर गुंतवू नये.

पाण्याची गोष्ट तर फारच बोलकी आहे. हेटवणे धरण पेण तालुक्यात आहे. त्याचे पाणी सिडकोमार्फत नवी मुंबईला जाते. आणि त्याच तालुक्याच्या खारेपाटातील वाशी, शिर्की परिसरातील गावे उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी टँकरची वाट पाहत आली आहेत. धरण जवळ म्हणजे नळाला पाणी, असे समीकरण नसते. आपल्याच जिल्ह्यातील महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सर्वांना खुले करण्याचा ठराव केला होता. तरी १९२७ च्या मार्चमध्ये बाबासाहेबांना हजारो लोकांसह त्या तळ्यावर जावे लागले. कागदावरचे पाणी आणि ओंजळीतले पाणी यांतील फरक ज्या समाजाने असा अनुभवला, त्याने तरी घर घेताना 'पाण्याची लाइन आहे' या शब्दावर विसंबू नये. ती लाइन मे महिन्यात किती मिनिटे वाहते, हे शेजारच्या बाईला विचारावे. पाणी भरायला कोण उठतो, हेही विचारावे. पुष्कळ घरांत ते काम मुलीच्या वाट्याला येते आणि तिची पहिली तासिका बुडते.

आता रोहा. कुंडलिकेच्या तीरावरील रोहा-अष्टमी नगरपरिषदेची वस्ती २०११ साली सुमारे २१ हजार होती, म्हणजे पेणच्या निम्म्याहून थोडी अधिक. येथे मध्य रेल्वेची हद्द संपते आणि कोकण रेल्वेची सुरू होते. गाव आटोपशीर आहे. मूल शाळेत पायी जाऊ शकते, बाजारातील दुकानदार त्याला ओळखतो, ते संध्याकाळी घरी आले नाही तर चार माणसे शोधायला निघतात. शहरात वाढणाऱ्या मुलाला हे मिळत नाही. महाविद्यालय आहे, उपजिल्हा रुग्णालय आहे. चिंतामणराव देशमुखांसारख्या अर्थतज्ज्ञाचे नाव या गावाशी जोडलेले आहे. मुलगा पुढे अभियांत्रिकीकडे वळला तर माणगाव तालुक्यात लोणेरे येथे बाबासाहेबांच्या नावाचे तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे.

रोह्याच्या पाण्याचीही एक कथा आहे. मुळशीचे धरण बांधताना मावळातील शेतकऱ्यांची गावे बुडाली. त्याविरुद्ध १९२१ साली सत्याग्रह झाला, तरी धरण झाले. त्या धरणाचे पाणी सह्याद्री उतरून भिऱ्याच्या वीजगृहात येते, वीज देते आणि कुंडलिकेत मिसळते. म्हणून कोकणातील इतर नद्या उन्हाळ्यात आटत असताना कुंडलिका वाहती राहते. कोणाच्या तरी बुडालेल्या शेतावर आपला नळ चालतो, एवढी जाण तेथे राहायला जाणाऱ्याने ठेवावी. त्याच नदीच्या काठी धाटावची औद्योगिक वसाहत आहे. तेथील रासायनिक कारखान्यांनी रोजगार दिला, त्याचबरोबर नदीच्या प्रदूषणाचा प्रश्नही दिला. कुंडलिकेचे नाव देशातील प्रदूषित नदीपट्ट्यांच्या सरकारी यादीत आले आहे. ज्याच्या मुलाला दमा आहे, त्याने धाटावच्या वाऱ्याची दिशा पाहिल्याशिवाय घर ठरवू नये. आणि पावसाळ्यात कुंडलिका इशारा पातळी ओलांडते, तेव्हा पाणी कोणत्या आळीपर्यंत येते, हे तेथील जुन्या रहिवाशाला विचारावे. याच तालुक्यात अंबा नदीच्या काठी असलेल्या नागोठण्याने २४ जुलै १९८९ चा पूर पाहिला आहे. त्या पुराने वरच्या अंगाला जांभूळपाड्यात किती संसार वाहून नेले, ते या भागातील प्रौढ माणसे विसरलेली नाहीत.

दोन्ही गावांचे गुणदोष असे मांडल्यावर निवाडा कसा करावा? आमच्या मते तो गावांच्या तुलनेने होत नाही. आईवडिलांचे काम कोठे आहे, यावर तो होतो. पनवेलहून मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला लोकलने साधारण ८० मिनिटे लागतात. पेणहून पनवेलला येण्याचा वेळ, गाडी बदलण्याचा वेळ आणि घर ते स्थानक हा वेळ त्यात मिळवा. रोह्याहून निघणाऱ्याला पनवेल गाठायलाच दीड तासाहून अधिक वेळ जातो. म्हणजे रोह्यात घर आणि दक्षिण मुंबईत नोकरी असेल, तर माणसाचे रोजचे सहा-सात तास प्रवासात जातात. महामार्गाचा भरवसा धरावा, तर पळस्पे ते इंदापूर या टप्प्याचे रुंदीकरण २०११ साली सुरू झाले आणि दशक उलटले तरी रखडत राहिले. त्या रस्त्यावर किती तास लागतील, हे चालकालाही सांगता येत नसे.

आपण एक साधा हिशेब करू. समजा, पनवेलऐवजी दूरच्या गावी घर घेतल्याने महिन्याला पाच हजार रुपये वाचले. समजा, त्यासाठी रोज तीन तास अधिक प्रवास करावा लागला. महिन्याचे कामाचे दिवस २५ धरले तर ७५ तास गेले. पाच हजार भागिले ७५, म्हणजे तासाला सुमारे ६७ रुपये. मुलाची वही पाहण्याचा, त्याच्यासोबत जेवण्याचा, आजारी मुलाच्या कपाळावर हात ठेवण्याचा एक तास आपण ६७ रुपयांना विकला. हा आकडा कोणी जाणूनबुजून मान्य करील, असे आम्हांस वाटत नाही. पण भाड्याचा आकडा दिसतो आणि हा दिसत नाही, म्हणून पुष्कळांकडून तो सौदा होऊन जातो.

तेव्हा आमचे स्पष्ट मत असे. नोकरी पनवेल, तळोजा, उरण किंवा नवी मुंबईच्या जवळच्या भागात असेल आणि कामाची वेळ ठरलेली असेल, तर पेण योग्य. धाटाव, नागोठणे, कोलाड या पट्ट्यात काम असेल, किंवा आईवडिलांपैकी एक जण शिक्षक, परिचारिका, एसटी कर्मचारी, छोटा व्यावसायिक असा तेथल्या तेथे कमावणारा असेल, तर रोहा उत्तम, पेणहूनही उत्तम. मात्र नोकरी मुंबईत ठेवून केवळ भाडे वाचते म्हणून रोह्याला बिऱ्हाड हलवू नये. त्यापेक्षा पनवेलच्या आसपास एक खोली कमी असलेले घर घ्यावे. परळच्या त्या एका खोलीची आठवण येथे ठेवावी.

या हिशेबात आईची बाजू बहुधा मांडलीच जात नाही. मुंबईच्या वस्तीत तिला कामाची घरे असतात, बचत गट असतो, विहारातील मैत्रिणी असतात, अडीनडीला मूल सांभाळणारी शेजारीण असते. गाव बदलले की हे सारे एका दिवसात तुटते. नवऱ्याची नोकरी तीच राहते, तिची जाते. पेणला मूर्तींच्या कारखान्यात किंवा पापडाच्या उद्योगात काम मिळू शकते. पण मूर्तीचे काम हंगामी आहे आणि हंगामात तेथे वेळकाळ राहत नाही. म्हणून गाव ठरवताना पहिली भेट आईने द्यावी आणि शेवटचा शब्दही तिचा असावा, असे आम्ही आग्रहाने सांगतो. ती जेथे एकटी पडते, तेथे घर टिकत नाही.

मुलांच्या शाळेविषयी दोन व्यावहारिक गोष्टी. बदल करायचाच असेल तर चौथी किंवा सातवी संपताना करावा. नववी-दहावीत मुलाला उपटून दुसऱ्या मातीत लावू नये. शिक्षणहक्क कायद्यानुसार आठवीपर्यंतच्या मुलाला, मागील शाळेचा दाखला हाती यायला उशीर झाला या कारणावरून सरकारी किंवा अनुदानित शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. हे पालकांना ठाऊक असावे. दुसरी गोष्ट, जातीच्या प्रमाणपत्राची. त्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मूळ गावचाच लागतो. नव्या गावाचा भाडेकरार तेथे कामाचा नाही. बिऱ्हाड हलवताना आजोबांचा शाळेचा दाखला आणि गावचे उतारे भांड्यांच्या पोत्यात हरवू देऊ नयेत. आणि सर्वांत महत्त्वाचे, मुलालाच विचारावे. पेणकडची आगरी बोली त्याच्या कानाला नवी असेल, वर्गात त्याच्या बोलण्याला कोणी हसेल, तर त्याची तयारी घरातूनच झाली पाहिजे. मुले गरिबी सोसतात. न सांगता झालेला बदल त्यांना सोसत नाही.

आता त्या प्रश्नाकडे येऊ, जो इतर कुटुंबांना पडत नाही आणि आपल्याला पडतो. घर मिळेल का? बाबासाहेब १९१७ साली परदेशातील उच्च शिक्षण घेऊन बडोद्यास नोकरीसाठी गेले. त्यांना शहरात राहायला जागा मिळाली नाही. नाव लपवून पारशी विश्रामगृहात काढलेले थोडे दिवस लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने संपवले आणि सार्वजनिक बागेत बसून त्यांना रात्रीच्या गाडीची वाट पाहावी लागली. याच बडोद्यात काही वर्षे आधी पेण तालुक्यातील गागोदे गावचा एक मुलगा वडिलांच्या नोकरीमुळे कुटुंबासह राहिला आणि शिकला. तो मुलगा म्हणजे १८९५ साली जन्मलेले विनोबा भावे. विनोबांच्या थोरवीला यामुळे उणेपणा येत नाही. पण एकाच शहराचे दार एका मुलाच्या कुटुंबाला सहज उघडते आणि जगातील उत्तम विद्यापीठांत शिकून आलेल्या माणसाच्या तोंडावर मिटते, हा इतिहास आहे. गाव बदलणे ही काहींसाठी सोय असते आणि काहींसाठी परीक्षा.

संविधानाच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. परंतु भाड्याच्या घराच्या दारात ती नवे कपडे घालून उभी राहते. आडनाव विचारले जाते, मूळ गाव विचारले जाते, खाण्यापिण्याची चौकशी होते आणि मग 'जागा कालच दिली' असे गोड शब्दांत सांगितले जाते. हे केवळ पेण-रोह्यात घडते असे नाही. मोठ्या शहरांतही घडते. आमचे सांगणे एवढेच की, मुलाला सोबत घेऊन घर शोधायला जाणाऱ्यांनी आधी आपण एकदा जाऊन यावे. दारातून परत फिरण्याचा अनुभव मुलाला पहिल्याच दिवशी देऊ नये. तो अनुभव येईल तेव्हा त्याचा अर्थ समजावून सांगण्याइतके आपण शांत असावे.

काही समाजबांधव म्हणतात की, ही कटकट नको. आपली माणसे आहेत त्या वस्तीतच घर घ्यावे. या म्हणण्यात तथ्य आहे. वेळप्रसंगी धावून येणारी माणसे, जवळचा विहार, जयंतीच्या दिवशी मुलाला वाटणारा अभिमान, यांचे मोल आम्ही जाणतो. पण तेवढ्याच कुंपणात मूल वाढू नये, असेही आम्हांस वाटते. विहार चालत जाण्याइतका जवळ असावा. शाळा आणि खेळाचे मैदान सर्वांचे असावे. आगरी, कोळी, मुस्लीम, कातकरी, मराठा अशा सर्व घरांतील मुलांबरोबर ज्याने बालपणी डबा खाल्ला, त्याला पुढे कोणापुढे मान खाली घालावी लागत नाही आणि कोणाला खाली पाहण्याची सवयही लागत नाही. लहान गावाचा हा फायदा आहे. तो घ्यायचा की नाही, हे घर घेणाऱ्याच्या हाती आहे.

शेवटी एक गोष्ट निवासी शाळेच्या शिक्षकांनी बोलू नये अशी आहे. पण या स्मरणिकेत ती बोललीच पाहिजे. आमच्याकडे प्रवेशासाठी येणाऱ्या पालकांत दोन प्रकार असतात. वीटभट्टीवर, कोळशाच्या भट्टीवर सहा-सहा महिने जाणारे कातकरी आईबाप आपले मूल आमच्या हवाली करतात, कारण त्यांचे घरच त्यांच्या पाठीवर असते. ऊसतोडीला जाणाऱ्यांचे तेच. त्यांच्या मुलांसाठी निवासी शाळा हेच गाव आहे आणि आम्ही त्या मुलांचे ऋणी आहोत. दुसरे पालक नोकरदार असतात. त्यांनी दूरच्या गावी स्वस्त घर घेतलेले असते, दोघेही रात्री उशिरा घरी येतात आणि मुलाला पाहायला कोणी नाही म्हणून ते अर्ज करतात. त्यांची अडचण खरी आहे, त्यांचे मूलही आम्हांला परके नाही. पण पुरेसा विचार करून गाव निवडले असते तर त्या मुलाला संध्याकाळी स्वतःचे घर मिळाले असते आणि त्याची खाट भट्टीवरच्या एखाद्या मुलीला मिळाली असती. आपल्या शाळेतील जागा मोजक्या आहेत. त्या ज्यांना दुसरे घर नाही, त्यांच्यासाठी राहाव्यात, असे आम्ही या संस्थेच्या हितचिंतकांना नम्रपणे सुचवितो.

पेण आणि रोहा येथे आपले अनेक माजी विद्यार्थी स्थायिक आहेत. कोणी शिक्षक आहे, कोणी कारखान्यात आहे, कोणी रेल्वेत. त्यांच्याकडे आमची एक मागणी आहे. नव्याने येऊ पाहणाऱ्या एका कुटुंबाला आपल्या घरी दोनदा बोलवा. एकदा मे महिन्यात, म्हणजे नळ कसा वाहतो ते कळेल. एकदा जुलैत, म्हणजे पाणी कोठवर चढते ते कळेल. त्या दोन्ही वेळी त्यांना शाळा सुटण्याच्या सुमारास रस्त्यावरून पायी फिरवून आणा. भाडे देणारे चांगले घरमालक कोण, हे आपल्याला ठाऊक असते. ती माहिती स्वतःजवळ ठेवू नका. एकेका कुटुंबाला असा हात मिळाला तर कोणाला 'जागा कालच दिली' हे शब्द एकट्याने ऐकावे लागणार नाहीत.

आणि जे पालक आज पेण की रोहा या विचारात आहेत, त्यांनी घराचा करार करण्यापूर्वी एका कोऱ्या कागदावर आपल्या मुलाचा एक दिवस लिहून काढावा. ते किती वाजता उठेल, शाळेत कसे जाईल, दुपारी दार कोण उघडेल, संध्याकाळी अभ्यासाला कोण बसेल, रात्री जेवताना ताटाशेजारी कोण असेल. या पाच प्रश्नांची उत्तरे ज्या गावात मिळतील, ते आपले गाव. मग त्याचे भाडे हजार-दोन हजारांनी जास्त असले तरी चालेल.